जुन्या आऊटबोर्डचा स्लो बिघडला तर आधी स्क्रूला हात लावू नका

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मागे जुन्या आऊटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनांच्या, देखभालीवर एक छोटा लेख आला होता. बाकी लेख चांगला होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की इंजिन स्लोला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, धडधडत असेल किंवा बंद पडत असेल तर स्लोचा स्क्रू थोडा आवळून आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढवा, काम होईल. या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय. पत्र लांबेल, पण छापायचं असेल तर कृपया कापू नका, कारण ही गोष्ट अर्धी सांगितली तर लोक परत स्क्रूपाशीच येतात.

स्क्रू आवळला की इंजिन चालू राहतं हे खरंच आहे, म्हणून तर हा सल्ला एवढा पसरलाय. पण आऊटबोर्डच्या खालच्या गियरबॉक्समध्ये गाडीसारखा घसरत घसरत पकडणारा क्लच नसतो हो. तिथे डॉग क्लच असतो, म्हणजे पुढचा गियर आणि मागचा गियर दोन्ही सतत फिरत असतात आणि मधला दातवाला तुकडा सरकून त्यातल्या एकाच्या दातांत जाऊन अडकतो, बस्स, एवढंच. इंजिन ६००-८०० आरपीएमला असेल तर तो तुकडा खट करून नीट बसतो. तेच इंजिन १२००-१५०० ला फिरत असेल तर तो दातांच्या कडांवर आपटतो, दर वेळी थोडं थोडं लोखंड झिजतं, कडा गोल होतात, आणि मग एक दिवस भर रेसमध्ये गियर आपोआप सुटायला लागतो. एका स्क्रूच्या फेऱ्यात वाचवलेलं काम असं गियरबॉक्स उघडण्यापर्यंत जातं. शिवाय एवढ्या रेसला गियर टाकला की बोट उडी मारते, आणि गियर आपण कुठे टाकतो तर धक्क्याजवळ, दुसऱ्या बोटींच्या मधे, कोणीतरी दोरी हातात घेऊन उभं असताना.

दुसरी गोष्ट. बऱ्याच जुन्या आऊटबोर्डमध्ये थ्रॉटल आणि इग्निशनचं टायमिंग एकाच लिंकेजला जोडलेलं असतं, थ्रॉटल उघडला की टायमिंगपण पुढे जातं. त्यामुळे स्लोचा स्क्रू आवळला की नुसतं पेट्रोल-हवा वाढत नाही, ठिणगीची वेळही बदलते. इंजिन सुधारल्यासारखं वाटतं, पण खरं म्हणजे आपण ते स्लोच्या सेटिंगवरून उचलून वरच्या सेटिंगवर ठेवलेलं असतं, आणि मूळ दुखणं तिथेच राहतं.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. स्लोला धडधड कशाने होते, तर पुष्कळ वेळा एखाद्या कार्बोरेटरमध्ये कचरा बसलेला असतो. दोन-तीन सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्बोरेटर असतो, तिथे कचरा एकातच असू शकतो आणि बाकीचे त्याला ओढत असतात. आज तो कचरा स्लो जेटमध्ये, म्हणजे स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात आहे, उद्या तसाच मेन जेटमध्ये, म्हणजे रेसला पेट्रोल देणाऱ्या भोकात गेला तर फुल रेसला त्या सिलिंडरला पेट्रोलही कमी आणि ऑइलही कमी, मग पिस्टन जॅम नाहीतर पिस्टनला भोक. स्लोची धडधड ही त्याची आधी मिळालेली सूचना असते, आणि आपण ती स्क्रूने बंद करून टाकतो!

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे की जुनं टू-स्ट्रोक स्लोला कधीच नव्या फोर-स्ट्रोकसारखं गुळगुळीत चालत नाही. मधूनच एखादी फायरिंग चुकणं, थोडा धूर, थोडी थरथर हा त्याचा स्वभावच आहे, त्याच्यामागे लागू नका. पण गियर टाकल्यावर बंद पडणं, हॅंडल हातात थरथरून बधिर होणं, दोन मिनिटं चांगलं आणि मग हुंदके देत मरणं, आधी असं नव्हतं आणि आता व्हायला लागलंय, हे स्वभावात बसत नाही, हे दुखणंच.

दुखणं शोधताना पाना हातात घ्यायच्या आधी थोडे प्रश्न विचारायचे. अचानक झालं का हळूहळू वाढत गेलं? थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? वर रेसला साफ चालतं आणि फक्त स्लोला धडधडतं का? तसं असेल तर संशय स्लो जेट, कुठूनतरी आत जाणारी हवा, रीडच्या पत्त्या (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ झडपा) किंवा कार्बोरेटरची जुळणी यांच्यावर जातो. खालपासून वरपर्यंत सगळीकडे मिसिंग, म्हणजे फायरिंग चुकणं, असेल तर करंट (प्लगची ठिणगी), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किंवा पेट्रोल पंप. सुरू चांगलं होतं आणि पाच-दहा मिनिटांनी मरतं, तर सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते बघा, खरंच सांगतो, तो बंद राहिलेला असतो आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल ओढून ओढून आत व्हॅक्यूम होतो आणि पंप हरतो.

मग दोन अगदी सोप्या टेस्ट आहेत ज्यांना कसलंही टूल लागत नाही आणि अर्ध्याहून जास्त उत्तर तिथेच मिळतं. इंजिन मरायला लागलं की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब हाताने दाबत राहायचं. इंजिन सावरलं तर दोष कार्बोरेटरच्या अलीकडे आहे, म्हणजे टाकी, नळी, कनेक्टर, फिल्टर किंवा पेट्रोल पंपाचा पडदा. दुसरी टेस्ट चोकची. गरम झालेलं इंजिन स्लोला धडधडत असताना चोक किंचित ओढा. सुधारलं तर त्याला पेट्रोल कमी पडतंय, एकतर जेट तुंबलंय नाहीतर कुठूनतरी जादा हवा आत येतीय. आणखी बिघडून बंद पडलं तर बहुतेक आधीच पेट्रोल जास्त होतंय, म्हणजे फ्लोटची नीडल (कार्बोरेटरच्या वाटीत जादा पेट्रोल अडवणारी सुई) गळतीय, किंवा पंपाचा पडदा फाटून पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनमागच्या पेटीत, जातंय. कमी की जास्त हे एकदा कळलं की निम्मं काम झालं, ते न कळता केलेलं सगळं काम अंदाजपंचे.

या टेस्ट कुठे करायच्या हेही सांगतो कारण यात लोक जिवावर उदार होतात. इंजिन कोरडं कधीच चालवायचं नाही, खालच्या पंपाचा रबरी इम्पेलर पाण्याशिवाय काही सेकंदात खराब होतो, "फक्त एकदा सुरू करून बघतो" म्हणतात तेवढ्यात. पाण्याचे मफ, म्हणजे नळाचं पाणी आत सोडणारे रबरी कप, लावा किंवा पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा, पण जमिनीवर काम करताना पंखा (प्रॉपेलर) काढून ठेवा. कव्हर काढलेलं असलं की फ्लायव्हील उघडं फिरत असतं, सैल बाही, लांब केस, गळ्यातली दोरी काही जवळ नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते, म्हणून ठिणगी बघायचं काम आणि पेट्रोल सांडायचं काम एका वेळी एका जागी नाहीच करायचं.

आता क्रम. माझा आग्रह आहे की आधी कॉम्प्रेशन, मग करंट, मग पेट्रोल, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलटं करतात, कारण स्क्रू बाहेरून दिसतो आणि त्याला स्क्रूड्रायव्हर सहज लागतो.

प्लग काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा हे क्रमाने ठेवा, एकत्र ढीग केला तर सगळी माहिती गेली. तपकिरी, कोरडा प्लग म्हणजे ठीक. काळा ओला प्लग म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल येतंय पण जळत नाहीये, करंट बघा. पांढरट कोरडा म्हणजे पेट्रोल कमी. आणि बाकीचे काळे असताना एकच प्लग धुतल्यासारखा चकचकीत स्वच्छ असेल तर आनंद मानू नका, तिथे पाणी शिरत असू शकतं, हेड गॅस्केट बघायला लागेल. नवीन प्लग टाकायचे तर इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचेच टाका, आणि गॅपपण तिथला. काही जुन्या इंजिनांना वेगळ्या बनावटीचे सरफेस गॅप प्लग असतात, त्यांना गॅप सेट करायचाच नसतो.

प्लग काढलेच आहेत तर तेव्हाच कॉम्प्रेशन घ्या. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या वायरी बॉडीला अर्थ केलेल्या, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत चार-पाच वेळा फिरवा. आकडा किती यावा हे मॉडेलप्रमाणे बदलतं, दोन वेगळ्या गेजचे आकडेही जुळत नाहीत, म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरातला फरक महत्त्वाचा. १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर पुढे चला. एक सिलिंडर खूप खाली असेल तर कार्बोरेटर कितीही धुतला तरी स्लो लागणार नाही, तिथेच थांबून रिंगा आणि सिलिंडर बघितले पाहिजेत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर मधलं हेड गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. कधी कधी कार्बन साठून रिंगा नुसत्या चिकटलेल्या असतात आणि डीकार्बनच्या औषधाने सुटतात, तेव्हा एकदम निराश होऊ नका.

करंट बघायला स्पार्क टेस्टर वापरा, प्लग बॉडीला टेकवून बघणं पुरेसं नाही कारण उघड्या हवेत प्लगच्या छोट्या गॅपवर अशक्त ठिणगीपण उडी मारते आणि कॉम्प्रेशनखाली मात्र मरते. सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनला टेस्टरचा गॅप साधारण ११ मिलिमीटर ठेवतात, पॉईंटवाल्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर चालणाऱ्या, जुन्या मॅग्नेटोला ६ च्या आसपास. तेवढ्या अंतरावर निळी, कडक, आवाज करणारी ठिणगी आली पाहिजे. पिवळी मऊ ठिणगी असेल तर पॉईंट, कंडेन्सर, कॉइल असं मागे मागे जायचं. पॉईंटचा गॅप बऱ्याच जुन्या इंजिनांना अर्धा मिलिमीटर असतो, पण तुमच्या मॉडेलचा बघून घ्या, आणि फायलीने घासल्यावर पॉईंट स्वच्छ कागदाने पुसा, त्यावर बोटाचं तेल राहिलं तरी करंट अडतो. गरम झाल्यावर मिसिंग सुरू होत असेल तर टेस्टही गरम असतानाच करा, आतून तडा गेलेली कॉइल थंड असताना अगदी शहाण्यासारखी वागते. आणि रात्री अंधारात इंजिन चालू करून नुसतं लांबून बघा, वायरीच्या फाटलेल्या इन्सुलेशनमधून निळ्या रेघा बॉडीवर उडताना सरळ दिसतात.

कुठला सिलिंडर आळशी आहे हे शोधायला एकेका सिलिंडरचा करंट तोडून बघतात. ज्याचा तोडल्यावर इंजिन आणखी बिघडतं तो काम करतोय, ज्याचा तोडल्यावर काहीच फरक पडत नाही तो मेलेला. पण चालू इंजिनावर वायर नुसती उपटून हवेत सोडू नका. एकतर हाताला जबरदस्त झटका बसतो, दुसरं म्हणजे सीडीआय इंजिनात करंटला जायला जागा मिळाली नाही की कॉइल किंवा सीडीआयचा पॅक उडू शकतो. वायर काढाल ती इंजिन बंद करून काढा, बॉडीला नीट अर्थ करा, मग सुरू करून ऐका. वेळ जातो, जाऊ द्या.

कॉम्प्रेशन आणि करंट दोन्ही ठीक असतील तरच पेट्रोलकडे या. इथे मी थोडा रेंगाळणार आहे कारण जुन्या आऊटबोर्डच्या स्लोची दुखणी जास्त करून इथेच सापडतात. टाकीच्या तळातलं आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून जरा वेळ ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी पोटात घेऊ शकतं, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतात आणि इंजिनाची नळी नेमकी तिथूनच ओढते. बहुतेक आऊटबोर्ड कंपन्यांची पुस्तकं १० टक्के इथेनॉलपर्यंत चालेल म्हणतात, पण त्याच्याही आधीच्या काळात बनलेल्या इंजिनांच्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे, वॉशर हे सगळं इथेनॉल नव्हतं त्या जमान्यातलं आहे, ते फुगतं, मऊ होतं, आतून सालपटं निघतात आणि ती सालपटं जाऊन जेटमध्ये बसतात. बाहेरून नळी ठणठणीत दिसते. जुनी नळी असेल तर पंप, पडदा, नळी सगळं आताच्या पेट्रोलला चालणारं बदलून टाका, यात चिकटपणा करण्यात अर्थ नाही.

हवा ओढणारी नळी ओळखणं मात्र अवघड आहे आणि याचं कारण कोणी सांगत नाही. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीवर म्हणजे सक्शनवर चालते, दाबावर नाही. म्हणून तिथे चीर असली, कनेक्टरची ओ-रिंग झिजली असली तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते, आणि आपण गळती नाही म्हणून समाधानी राहतो. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा छोटा तुकडा तात्पुरता जोडा आणि बुडबुडे जाताना दिसतात का बघा. याच्यापेक्षाही सोपं म्हणजे दुसरी छोटी टाकी, नवी नळी, ताजं पेट्रोल लावून इंजिन चालवायचं. धडधड गेली तर इंजिन निर्दोष, टाकी आणि नळी दोषी.

ऑइलचं प्रमाणही तपासा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, आणि कुठल्या इंजिनाला कुठलं हे त्याच्या पुस्तकात किंवा इंजिनावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित असं समजून अंदाजाने ओतत गेलं की स्लोला प्लग काळे होणारच. पण कमी करायच्या नादात पुस्तकाच्या खालीही जाऊ नका. आणि ऑइल टीसी-डब्ल्यू३ मार्कचंच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, स्कूटरचं टू-स्ट्रोक ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं.

कार्बोरेटर साफ करणं म्हणजे तोंडातून स्प्रे मारणं नव्हे, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. स्प्रे मारला की इंजिन दोन मिनिटं बरं चालतं कारण तो स्प्रे स्वतःच जळतो. स्लोचं पेट्रोल जातं ती भोकं थ्रॉटलच्या पत्तीच्या अगदी कडेला असतात, केसाएवढी बारीक, आणि त्यांच्याकडे जाणारा रस्ता कार्बोरेटरच्या अंगातून वळणं घेत जातो. पडून राहिलेल्या पेट्रोलचा रोगण त्याच रस्त्यात सुकतो. म्हणून कार्बोरेटर उतरवायचा, पूर्ण खोलायचा, जेट आणि मिक्स्चर नीडल काढायच्या, रबर-प्लास्टिकचे भाग बाजूला ठेवायचे, क्लीनरमध्ये भिजवायचा आणि मग प्रत्येक भोकातून हवा मारून ती दुसरीकडून बाहेर येते का ते बघायचं, डोळ्यांना गॉगल लावून. स्टीलची तार जेटमध्ये खुपसू नका, जेट पितळेचं असतं, भोक एवढुसं मोठं झालं तरी माप गेलं आणि ते परत लहान होत नाही. गॅस्केट नवीन टाका. फ्लोटची उंची पुस्तकाप्रमाणे, बऱ्याच कार्बोरेटरमध्ये बॉडी उलटी धरली की फ्लोट कडेला समांतर यायला हवा. दोन-तीन कार्बोरेटर असतील तर दुखणं एकातच असलं तरी सगळेच करा.

एवढं करूनही चोक ओढल्यावरच सुधारत असेल तर हवा दुसरीकडून येतीय. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या जोडावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारून बघा, तिथे मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तर जागा सापडली. काही जण या कामाला पेट्रोल किंवा क्लीनर स्प्रे वापरतात, चालू इंजिनाच्या गरम भागांवर आणि ठिणग्यांवर तो उडतो, तसं कृपया करू नका. क्रँकच्या वरच्या सीलमधूनही हवा जाते, फ्लायव्हीलखाली तेलकट ओल दिसली की त्याच्यावर संशय घ्या. रीडच्या पत्तीचा टवका उडाला असेल तर कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा धूर उलटा बाहेर येतो, समोर कागद धरला की ओला होतो.

काही कारणं अशी आहेत जी कार्बोरेटरवाल्यांच्या डोक्यातच येत नाहीत. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) उघडा अडकला की इंजिन गरमच होत नाही, आणि थंड टू-स्ट्रोक स्लोला नीट जळत नाही, बऱ्याच इंजिनांचा थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास उघडतो, त्याआधीच पाणी धो धो जात असेल तर तो बघा. कव्हर काढल्यावर इंजिन छान आणि कव्हर लावलं की काही मिनिटात गुदमरतं, हा एक्झॉस्टचा धूर आत गळून परत इंजिनातच ओढला जाण्याचा प्रकार असू शकतो, आणि यात कव्हर काढून टेस्ट करणाऱ्या मेकॅनिकला दोष दिसणारच नाही. पंखा कुठे जोरात आपटला होता आणि तेव्हापासून स्लो बिघडला असेल किंवा फ्लायव्हीलचा नट सैल राहिला असेल तर फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर नेमक्या जागी धरणारा छोटा तुकडा) थोडी कापली गेली आहे का बघा, एवढ्याशा सरकण्याने सगळं टायमिंग हलतं. मोठ्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच्या तळाशी साठलेलं ऑइल-पेट्रोल परत फिरवणाऱ्या बारीक नळ्या आणि त्यांचे व्हॉल्व्ह असतात, ते तुंबले की खालचा सिलिंडर मधूनच घोट घेतो आणि इंजिन दचकतं. जुन्या फोर-स्ट्रोकवाल्यांनी यातलं रीड सोडून द्यावं, पण व्हॉल्व्हचा टॅपेट क्लिअरन्स आणि मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूम नळ्या जरूर बघाव्या.

आता कुठे स्क्रूची वेळ आली. त्याआधी लिंकेज, म्हणजे सगळ्या थ्रॉटलच्या पत्त्या एकाच वेळी उघडतात आणि एकाच वेळी पूर्ण मिटतात का, आणि टायमिंग त्यांच्याबरोबर पुस्तकाप्रमाणे चालतंय का. एक पत्ती केसभर आधी उघडत असेल तर कुठलाही मिक्स्चर स्क्रू, म्हणजे स्लोचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा वेगळा स्क्रू, ते भरून काढणार नाही. मग मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, टेकला की थांबा, आवळलात तर नीडलच्या टोकाला खाच पडते. तिथून साधारण दीड फेरा बाहेर, ही फक्त सुरुवातीची जागा. पुढचं सेटिंग इंजिन गरम झाल्यावर, बोट पाण्यात घट्ट बांधून, पंखा लावून, पुढचा गियर टाकून करायचं. मफवर आणि न्यूट्रलला केलेलं सेटिंग पाण्यात चालत नाही, कारण पाण्यात एक्झॉस्टला मागून दाब असतो आणि पंख्याचा भार असतो. गियरमध्ये इंजिन असताना पंख्याच्या मागे पाण्यात कोणी नको, आणि किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला हवी.

एका वेळी एक अष्टमांश फेरा, आणि मग १०-१५ सेकंद थांबायचं, कारण टू-स्ट्रोकमध्ये बदल क्रँककेसमधून फिरून यायला वेळ लागतो. घाई केली की आपण कालच्या फेऱ्याचा परिणाम आजच्या फेऱ्याचा समजतो. आत नेताना इंजिन कार्बोरेटरमधून शिंकायला लागलं की पेट्रोल कमी झालं. बाहेर काढताना जड होऊन हेंदकाळायला लागलं, धूर वाढला की जास्त झालं. दोन्हीच्या मधे जिथे सगळ्यात साफ चालतं तिथून अष्टमांश फेरा जास्त पेट्रोलकडे ठेवा. मग एकदम रेस देऊन बघा, अडखळलं तर आणखी थोडं. एक सूचना, काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू पेट्रोलचा नसून हवेचा असतो, तिथे आत नेल्यावर मिश्रण जाड होतं, म्हणजे सगळं उलटं, तुमचा कुठला आहे ते आधी नक्की करा. हे जमलं की आरपीएमचा, म्हणजे तो सुरुवातीचा स्लोचा स्क्रू पुस्तकातल्या आकड्यावर आणायचा, आणि बहुतेक वेळा तो आवळायला नाही तर सैल करायला लागतो!

संपादक महोदय, विनंती एवढीच की त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. आणि ज्या वाचकांनी तो लेख वाचून स्क्रू आधीच आवळला असेल त्यांच्यासाठी ही एवढी माहिती बरोबर द्यावी. स्क्रू परत मागे घ्या, मग इंजिन स्लोला मरत असेल तर मरू द्या, ते मरतं म्हणजे अजून दोष शोधायचा बाकी आहे, तोपर्यंत बोट घेऊन लांब जाऊ नका. खालच्या गियरबॉक्सचं ऑइल काढून बघा. ड्रेन स्क्रूच्या चुंबकावर राखाडी पिठासारखं बारीक काही असेल तर ते नेहमीचं आहे. लोखंडाचे टवके किंवा टोकदार तुकडे निघाले, किंवा ऑइल दुधासारखं पांढरट झालेलं असेल, तर गियरबॉक्स उघडून डॉग क्लचचे दात आणि सील बघून घेतल्याशिवाय ते इंजिन पाण्यात नेऊ नका.

कळावे,
आपला एक वाचक